मूळ काढले तर आजार जाईल का? पसरलेल्या स्तनकर्करोगातील शस्त्रक्रियेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी होती : स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला असताना स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढावी की नाही. म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५६ आहे. दिवाळीनंतर तिने डाव्या स्तनात गाठ असल्याचे सांगितले. ती तिला वर्षभरापासून जाणवत होती, हे आम्हाला नंतर कळले. तुकडा तपासला तेव्हा कर्करोग निघाला आणि पेट स्कॅनमध्ये तो कमरेच्या मणक्यांत आणि खुब्याच्या हाडात पसरल्याचे दिसले. डॉक्टरांनी चौथी अवस्था असल्याचे सांगून हार्मोनविरोधी गोळ्या, त्यासोबत आणखी एक महागडी गोळी आणि हाडांसाठी इंजेक्शन सुरू केले आहे. ऑपरेशन आत्ता करायचे नाही, असे ते म्हणतात. मामा आणि काका विचारतात, की मूळ जागेवर ठेवून फांद्या छाटण्यात काय अर्थ आहे? दुसऱ्या एका सर्जननी ऑपरेशन करून देण्याची तयारी दाखवली आहे. आमच्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत का? आईला आम्ही ‘गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल’ एवढेच सांगितले आहे.
एक मुलगा, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी हात टेकलेले नाहीत. तुमच्या आईंना आज ज्या उपचाराची सर्वांत अधिक गरज आहे, तो त्यांनी आधी सुरू केला आहे. मी स्वतः सर्जन आहे आणि गाठ काढण्यातच माझे आयुष्य गेले आहे. तरीही तुमच्या आईंच्या बाबतीत आज मीही हेच सांगितले असते. असे का, ते सविस्तर सांगतो, कारण मामा-काकांचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. वैद्यकशास्त्राला त्याचे उत्तर मिळायला पुष्कळ वर्षे लागली.

पहिल्या तीन अवस्थांत शस्त्रक्रिया हा उपचाराचा कणा असतो, कारण तेव्हा तपासण्यांत दिसणारा सगळा आजार स्तनात आणि काखेतील गाठींत असतो. तो काढला आणि रक्तात सुटलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी औषधे दिली, तर अनेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. चौथ्या अवस्थेत मात्र स्तनातून निघालेल्या पेशींनी हाडात, फुफ्फुसात, यकृतात किंवा मेंदूत आपले स्वतंत्र बिऱ्हाड थाटलेले असते. त्या पेशी स्तनाच्याच असतात, पण जगण्यासाठी त्यांना स्तनातल्या गाठीची गरज उरलेली नसते. काकांनी झाडाची उपमा दिली आहे, म्हणून शेतातलीच उपमा घेतो. गाजरगवताचे एक झाड फुलावर येऊन त्याचे बी शिवारभर उडाल्यावर ते पहिले झाड उपटले, तरी इतरत्र रुजलेली रोपे वाळत नाहीत; त्यांना आता त्यांची स्वतःची मुळे असतात. शिवारभर पोहोचेल असा उपाय हवा असतो आणि कर्करोगात तो औषधांचा असतो, कारण औषध रक्तावाटे सगळीकडे जाते. शिवाय रुग्णाच्या जिवाला धोका बहुतेक वेळा यकृत, फुफ्फुस, मेंदू यांच्यात पसरलेल्या आजारामुळे होतो, स्तनातल्या गाठीमुळे नव्हे.

हे ऐकायला सोपे वाटते, पण डॉक्टरांनाही मूळ काढण्याची आशा होती आणि तिला आधार होता. अमेरिकेतील सर्जन डॉ. सीमा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तेथील राष्ट्रीय नोंदींतून चौथ्या अवस्थेतल्या १६,०२३ स्त्रियांची माहिती तपासली. ज्यांची गाठ पूर्णपणे काढली होती, त्या अधिक काळ जगल्याचे तीत दिसले. त्यानंतर निरनिराळ्या देशांतून अशाच नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि बहुतेकींचा सूर तोच होता. परंतु त्या नोंदींत एक मोठी खोट होती. शस्त्रक्रियेसाठी कोणाची निवड झाली, हे पाहा. तरुण, धडधाकट, एखाद्याच ठिकाणी थोडासा आजार पसरलेल्या आणि औषधांनी चांगला उतार पडलेल्या स्त्रियांनाच सर्जन शस्त्रक्रिया सुचवतात. ज्यांचा आजार पहिल्या काही महिन्यांतच बळावतो, त्या टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत. मग त्या अधिक जगल्या त्या शस्त्रक्रियेमुळे, की मुळात त्यांचा आजारच सौम्य होता म्हणून? जुन्या नोंदी कितीही चाळल्या तरी याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. त्यासाठी स्त्रियांची विभागणी डॉक्टरांच्या निवडीने न करता चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करून दोन गट पाडावे लागतात.

ते काम पूर्ण करून त्याचे निष्कर्ष आधी मांडणाऱ्यांत आपल्या परळचे टाटा स्मारक रुग्णालय होते, ही मराठी वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात अशा ३५० स्त्रियांना या अभ्यासात घेतले, ज्यांचा कर्करोग निदानाच्या वेळीच पसरलेला होता आणि ज्यांना पहिल्या किमोथेरपीने गुण आला होता. चिठ्ठीनुसार १७३ जणींच्या स्तनाची आणि काखेची शस्त्रक्रिया करून नंतर किरणोपचार दिले. १७७ जणींना ते दिले नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटातील ४१.९ टक्के आणि दुसऱ्या गटातील ४३ टक्के स्त्रिया हयात होत्या, म्हणजे फरक नव्हता. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या छातीवर आजार पुन्हा वाढण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. परंतु दूरच्या अवयवांत तो वाढण्याचे प्रमाण त्यांच्यात उलट थोडे जास्त आढळले.

या अभ्यासावर एक आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त होता. ज्या स्त्रियांचा कर्करोग हर-टू प्रकारचा, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर असलेला होता, त्यांतील बहुतेकींना त्यावरचे खास औषध, ट्रास्टुझुमॅब, मिळालेले नव्हते. औषधोपचार अधिक प्रभावी असता तर कदाचित शस्त्रक्रियेचाही लाभ दिसला असता, असे काहींचे म्हणणे होते. मग तुर्कस्तानातल्या २७४ स्त्रियांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया अगदी सुरुवातीलाच केली गेली. तीन वर्षांनी फरक नव्हता, मात्र पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटातील ४१.६ टक्के आणि दुसऱ्या गटातील २४.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. आशा पुन्हा पालवली. पण दोन्ही गट सारखे पडलेले नव्हते : शस्त्रक्रियेच्या गटात हाडात एखादाच ठिपका असलेल्या स्त्रिया अधिक होत्या, तर दुसऱ्या गटात अधिक आक्रमक, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या कर्करोगाच्या. दुसरा सर्जन तुम्हाला एखाद्या अभ्यासाचा आधार सांगत असेल, तर तो बहुधा हाच असेल.

यानंतरचा अमेरिकेतील अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे नेतृत्व पुन्हा डॉ. सीमा खान यांनीच केले. ज्या निष्कर्षाने त्यांचे नाव झाले, तोच त्यांनी स्वतः कसून तपासून पाहिला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. प्रत्येक स्त्रीला आधी तिच्या कर्करोगाच्या प्रकाराला योग्य असे औषध चार ते आठ महिने दिले गेले. त्या काळात आजार वाढला नाही अशा २५६ जणींची मग विभागणी झाली. तीन वर्षांनी दोन्ही गटांतल्या सुमारे ६८ टक्के स्त्रिया हयात होत्या. शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या छातीवर तीन वर्षांत आजार वाढला, शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होते. जपानमध्ये ४०७ स्त्रियांची अशीच विभागणी झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले : शस्त्रक्रियेसह सरासरी आयुर्मान ७५ महिने, शस्त्रक्रियेशिवाय ६९ महिने. सहा महिन्यांचा हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, इतका लहान ठरला. ऋतुस्राव चालू असलेल्या किंवा एकाच अवयवात आजार पसरलेल्या स्त्रियांना कदाचित थोडा लाभ होत असावा, असा इशारा त्यातून मिळाला आहे. पण इशारा म्हणजे पुरावा नव्हे.

तुमच्या आईंसाठी याचा अर्थ असा. त्यांचा कर्करोग हार्मोनवर वाढणारा आहे आणि तो हाडांपुरता आहे. पसरलेल्या आजारात हे त्यातल्या त्यात बरे चित्र आहे. अशा स्त्रिया औषधांवर अनेक वर्षे घरची कामे करत, नातवंडे सांभाळत जगताना मी पाहिल्या आहेत. ती महागडी गोळी पाल्बोसायक्लिब किंवा रायबोसायक्लिब या जातीची असावी. पाल्बोसायक्लिबचे पेटंट भारतात २०२३ च्या जानेवारीत संपले आणि त्यानंतर भारतीय कंपन्यांची पुष्कळ स्वस्त औषधे आली आहेत, म्हणून खर्चाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला; खर्चाच्या धास्तीने गोळी परस्पर बंद करू नका. हाडांच्या इंजेक्शनांमुळे क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते. त्यामुळे हलणारा किंवा किडलेला दात असेल, तर तो दंतवैद्याला दाखवून घ्या आणि पुढेही दात काढण्यापूर्वी या इंजेक्शनाची कल्पना द्या.

शस्त्रक्रियेचा विषय कायमचा मिटला, असे मात्र समजू नका. काही महिन्यांच्या औषधानंतर पुन्हा स्कॅन होईल. हाडांतला आजार शांत झाला आहे आणि स्तनातली गाठ मात्र हटत नाही किंवा वाढू लागली आहे, असे दिसले, तर ती काढण्याचा विचार जरूर करावा. तो निर्णय औषधोपचाराचे डॉक्टर, सर्जन आणि किरणोपचाराचे डॉक्टर यांनी एकत्र बसून घ्यावा. तयारी दाखवणाऱ्या सर्जनना एकच प्रश्न विचारा : ‘या शस्त्रक्रियेने आईचे आयुष्य वाढेल, की छातीवरचा पुढचा त्रास टळेल?’ उत्तर पहिले असेल, तर पुरावा मागा. उत्तर दुसरे असेल, तर तो त्रास आज आहे का आणि त्यासाठी औषधे काही आठवडे थांबवणे योग्य आहे का, हेही विचारा.

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत अधिक लागले. मायेपोटीच तुम्ही ते लपवले आहे, हे मी जाणतो. पण ज्या बाईने वर्षभर गाठ अंगावर काढली, ती रोज तीन-तीन गोळ्या आणि महिन्याचे इंजेक्शन घेताना काही ओळखत नसेल, असे तुम्हाला खरेच वाटते का? उद्या शस्त्रक्रियेची वेळ आली, तर संमतिपत्रावर सही त्यांचीच लागेल. तेव्हा त्यांना काय सांगणार आहात? डॉक्टरांच्या समोर, शांतपणे, त्या विचारतील तेवढेच आणि खरे तेच सांगा. गाठ का काढत नाहीत, हा प्रश्न तुमच्याआधी त्यांच्या मनात आलेला असणार.

प्रश्न : माझा कर्करोग फुफ्फुसात पसरला आहे, हे मला ठाऊक आहे आणि मी ते स्वीकारले आहे. पण स्तनावरची गाठ फुटून तिची जखम झाली आहे. तिच्यातून पाणी येते, कधी रक्त येते आणि फार वास येतो. मी हळदीकुंकवाला जाणे सोडले, देवळात जाणे सोडले, आता नातवाला जवळ घ्यायलाही संकोच वाटतो. पसरलेल्या आजारात ऑपरेशनचा उपयोग नसतो, असे मला सांगण्यात आले. मला आयुष्य वाढवून नको आहे, ही जखम नको आहे.
एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, ‘उपयोग नसतो’ हे वाक्य तुमच्या बाबतीत चुकीचे आहे. वर मी ज्या अभ्यासांविषयी लिहिले, ते ज्यांना गाठीचा त्रास नाही अशा स्त्रियांच्या आयुर्मानाविषयी होते. फुटलेली, वाहणारी, वास येणारी जखम दूर करणे हा स्वतःच एक पुरेसा हेतू आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रिया करणे सर्वमान्य आहे. मागचे प्रश्न सोडवताना आम्ही डॉक्टर कधीकधी ‘आयुष्य वाढत नाही’ एवढेच बोलून थांबतो आणि समोरच्या बाईच्या जगण्याची प्रत विसरतो. हे तुमच्या बाबतीत घडले असेल, तर त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

शस्त्रक्रियेआधी सर्जन काही गोष्टी पाहतील. गाठ बरगड्यांना घट्ट चिकटलेली आहे का, भोवतालची कातडी निरोगी आहे का, की तिच्यातही आजाराचे दाणे पसरले आहेत. जखम बंद करायला पुरेशी कातडी उरेल का, की पाठीवरचा स्नायू कातडीसह पुढे वळवून आणावा लागेल. आणि फुफ्फुसातल्या आजारामुळे भूल पेलवेल का. कातडीच्या कडांत आजार राहिला, तर टाक्यांच्या रेषेवर तो पुन्हा उगवतो, जखम भरत नाही आणि जखम भरेपर्यंत औषधे थांबवावी लागतात. म्हणून पुष्कळदा आधी औषधाने किंवा किमोने गाठ आकसू देतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. काही स्त्रियांच्या जखमा नुसत्या औषधानेच कोरड्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. शस्त्रक्रिया शक्यच नसेल, तर किरणोपचार, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाइट म्हणतात, त्याच्या थोड्या बैठकांनी रक्त थांबते आणि स्राव कमी होतो.

हे सगळे ठरेपर्यंत वास सहन करत बसण्याचे कारण नाही. हा वास प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंमुळे येतो आणि मेट्रोनिडॅझोल या औषधाने तो बहुतेक वेळा काही दिवसांतच उतरतो. ते जेलच्या स्वरूपात जखमेवर लावता येते. जेल मिळाले नाही, तर गोळ्यांची पूड करून कशी वापरायची, ते तुमच्या डॉक्टरांकडून किंवा ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेकडून शिकून घ्या. कोरडा कापूस किंवा गॉज थेट जखमेवर ठेवू नका, तो चिकटतो आणि ओढताना रक्त येते. न चिकटणारी जाळी आधी ठेवा, वर जाड पट्टी ठेवा आणि काढताना सलाइनने पूर्ण भिजवून मग काढा. घरगुती लेप लावू नका. रक्त आले, तर स्वच्छ पट्टीने दहा मिनिटे न सोडता दाबून धरा, आणि ते थांबले नाही, तर लगेच रुग्णालयात जा.

नातवाला जवळ घ्या. कर्करोग स्पर्शाने लागत नाही, आणि जखम नीट झाकलेली असली की त्याला काहीही धोका नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचा स्तनाचा कर्करोग सहा वर्षांनी मांडीच्या हाडात उलटला आहे. हाड मोडलेले नाही, तरी डॉक्टर त्यात रॉड टाकायला सांगतात. शेजारच्या बाईंना त्याच डॉक्टरांनी छातीचे ऑपरेशन नको म्हटले होते. पसरलेल्या आजारात एकीला ऑपरेशन नको आणि दुसरीला हवे, हे कसे?
एक सून, नाशिक

उत्तर : दोन्ही सल्ले एकाच विचारातून आले आहेत. पसरलेल्या आजारात शस्त्रक्रिया केव्हा करायची, तर ती न केल्याने जे नुकसान होईल, ते औषधाने टळणार नसेल तेव्हा. मांडीचे हाड संपूर्ण शरीराचा भार पेलते. कर्करोगाने ते आतून पोखरले, की न्हाणीघरात पाय वळण्याचेही निमित्त पुरते आणि ते मोडते. असे मोडलेले हाड साध्या अपघातातल्या हाडासारखे सहज जुळून येत नाही. मोडण्याआधी रॉड टाकला, तर शस्त्रक्रिया सोपी असते, वेदना कमी असतात आणि बाई लवकर उठून चालू लागते. कोणत्या हाडाला धोका आहे, हे ठरवण्यासाठी १९८९ पासून वापरात असलेली मिरेल्स यांची गुणपद्धत आहे. हाड कोणते, वेदना किती, ठिपका कसा दिसतो आणि हाडाचा किती भाग व्यापला आहे, या चार गोष्टींना गुण देऊन ती मोजतात. पाऊल टाकताना होणारी वेदना हे त्यातले महत्त्वाचे लक्षण आहे. रॉडनंतर त्या जागी किरणोपचार घ्यावे लागतात, कारण रॉड हाडाला आधार देतो, आजार मारत नाही. सहा वर्षांनी उलटलेल्या आजाराचा शक्य असल्यास तुकडा पुन्हा तपासून घ्या. इतक्या काळात हार्मोन आणि हर-टू यांचे निकाल बदललेले असू शकतात आणि त्यावर औषध ठरते. रॉड टाकतानाच तो तुकडा घेता येतो.

मणक्याचे प्रकरण याहून तातडीचे असते आणि सांगलीच्या वाचकांनीही हा परिच्छेद लक्षपूर्वक वाचावा. पाठीत आजार असलेल्या रुग्णाच्या पायांतली शक्ती कमी होऊ लागली, पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मज्जारज्जूवर दाब आला असण्याची शक्यता असते. सकाळपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. निरनिराळ्या कर्करोगांच्या १०१ रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दाब मोकळा करणारी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकत होते. नुसते किरणोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. मेंदूत एकच गाठ असेल आणि उरलेला आजार ताब्यात असेल, तर तीही काढण्याचा विचार होतो. यकृतातील किंवा फुफ्फुसातील एकदोन ठिपके कापून वा किरणांनी जाळून टाकावेत का, असे विचारणारी दोन पत्रे आली आहेत. स्तनाच्या कर्करोगात चार किंवा त्याहून कमी ठिपके असलेल्या १२५ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात औषधांना त्याची जोड देऊन आजार अधिक काळ आवरला गेला नाही. म्हणून आज मी ते सरसकट सुचवणार नाही.

प्रश्न : पत्नीचे वय ३९ आहे. स्तनाचा कर्करोग फुफ्फुसाच्या आवरणात पसरला आहे. डॉक्टर स्तनाला हात न लावता बीजकोश काढायला सांगतात. स्तनाच्या आजारासाठी पोटाचे ऑपरेशन कशाला?
एक वाचक, लातूर

उत्तर : तुमच्या पत्नीचा कर्करोग हार्मोनवर वाढणारा असणार आणि त्यांची पाळी चालू असणार. त्या वयात इस्ट्रोजेनचा मुख्य झरा बीजकोशांत असतो. तो बंद केला, की शरीरभर जेथे जेथे त्या पेशी असतील तेथे तेथे त्यांचे खाद्य तुटते. म्हणजे हे पोटाचे ऑपरेशन दिसत असले, तरी त्याचा परिणाम औषधासारखा सर्वदूर होतो. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये, इस्ट्रोजेनचा शोध लागण्याच्याही आधी, बीजकोश काढल्यावर स्तनाचा बळावलेला कर्करोग आकसल्याचे प्रसिद्ध केले होते. पसरलेल्या स्तनकर्करोगावर सर्जनने केलेले ते अत्यंत मोलाचे काम आहे, असे मी मानतो.

आज तेच काम दर महिन्याच्या इंजेक्शनानेही होते. इंजेक्शन बंद केले, तर बीजकोश पुन्हा काम करू लागण्याचा संभव असतो. शस्त्रक्रिया कायमची असते. ती दुर्बिणीतून होते आणि बहुतेक जणी एकदोन दिवसांत घरी जातात. दर महिन्याला लातूरहून मोठ्या शहरात जाण्याचा आणि इंजेक्शनाचा खर्च तुम्हाला जड जात असेल, तर शस्त्रक्रिया सोयीची ठरेल. मात्र पाळी एकाएकी बंद झाल्यामुळे अंगातून गरम वाफा येणे, झोप न लागणे, हाडे ठिसूळ होणे हे त्रास होऊ शकतात आणि पुढे मूल होणार नाही. हे सगळे पत्नीला आधी समजावून सांगितले पाहिजे. निर्णय त्यांचा आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. यातले काय काय बसते, ते योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारा.

प्रश्न : सुरी लागली की कर्करोग पसरतो, असे आमच्याकडे म्हणतात. त्यामुळे बहीण साधा तुकडाही काढू देत नाही. टाटा रुग्णालयाच्या अभ्यासातही शस्त्रक्रियेनंतर आजार दूर पसरल्याचे दिसले, हे मी अन्यत्र वाचले आहे. मग बहिणीचे चुकते कुठे?
एक बहीण, चिपळूण

उत्तर : सुईने घेतलेल्या तुकड्यामुळे कर्करोग पसरत नाही. या समजुतीचे मूळ मला असे दिसते : आपल्याकडे अनेक स्त्रिया आजार पुष्कळ वाढल्यावर येतात, तेव्हा तो आतून आधीच पसरलेला असतो, शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी तो दिसू लागतो आणि दोष सुरीला दिला जातो. टाटाच्या अभ्यासातील सर्व स्त्रियांचा कर्करोग शस्त्रक्रियेच्या आधीच पसरलेला होता, आणि दोन्ही गटांतील स्त्रिया सारख्याच जगल्या. तो निष्कर्ष तुमच्या बहिणीला लागू होत नाही, कारण तिच्या गाठीचे निदानच अजून झालेले नाही. ती गाठ कदाचित कर्करोगाची नसेलही. असली आणि अजून स्तनापुरती असली, तर तिच्या बाबतीत शस्त्रक्रिया हाच बरे होण्याच्या मार्गातला मोठा भाग आहे. आजार पसरलेला असला, तरी तुकड्याशिवाय तो कोणत्या औषधाला दबेल, हे कोणीही सांगू शकणार नाही. तिला याच आठवड्यात घेऊन जा, आणि तुकडा घेतला जात असताना शक्य असेल तर तिचा हात धरून बसा. सुईचे काम काही मिनिटांचे असते आणि जागा बधिर केलेली असते.